चर्च स्ट्रेटनच्या डोंगरवाटा: आधी उतार ठरवा, मग चढ

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं चर्च स्ट्रेटन हे बाजाराचं छोटं गाव. पश्चिमेला लाँग मिंडचं पठार, पूर्वेला केअर कॅराडॉक आणि रॅग्लेथच्या टेकड्या. स्टेशनातून बाहेर पडलं की अर्ध्या तासाच्या आत पाय चढाला लागतात. लाँग मिंडचा माथा म्हणजे पोल बँक, उंची ५१६ मीटर. कॅराडॉक ४५९. कळसूबाईचे १६४६ मीटर चढून आलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतात. बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीकडून सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या आपल्या मंडळींच्या चुकांची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

चढताना इथे सहसा कोणी चुकत नाही, कारण गावाकडची कुठलीही दरी धरली तरी ती शेवटी पठारावरच नेते. उतरताना मात्र तेच पठार चहूबाजूंना वाटा फोडतं आणि त्यातल्या निम्म्या वाटा स्टेशनापासून लांब जातात. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी कुठून उतरायचं ते ठरवायचं, त्यावरून वेळ काढायची आणि चढाची वाट सगळ्यात शेवटी निवडायची.

## १. आदल्या दिवशी: नकाशा आणि वेळेचं गणित

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था), एक्सप्लोरर २१७. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोनही एक किलोमीटरचाच असतो. फोनमधलं ॲप जरूर वापरा, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. कागदी नकाशा सॅकमध्ये हवाच.

नकाशावर तीन गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत:

- हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे चालण्याच्या हक्काची पायवाट. लांब तुटक हिरव्या रेषांवर घोडे आणि सायकलींनाही परवानगी असते.
- काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर वाट दिसते एवढंच. तिथून जायचा हक्क आहे असा अर्थ होत नाही.
- फिकट पिवळा भाग म्हणजे पायी मोकळेपणाने फिरता येईल अशी जमीन. लाँग मिंडचा बहुतेक माथा यात येतो. गावाभोवतीची शेतं येत नाहीत, तिथे हिरवी रेषा सोडायची नाही.

आता पेन्सिल घेऊन आधी उताराची दरी रंगवा. पठाराच्या गावाकडच्या बाजूला, उत्तरेकडून दक्षिणेकडे, मुख्य दऱ्या अशा लागतात: बॅच व्हॅली (उतरते ऑल स्ट्रेटनला), कार्डिंग मिल व्हॅली आणि टाउनब्रुक व्हॅली (दोन्ही चर्च स्ट्रेटनला), ॲशेस हॉलो (लिटल स्ट्रेटनला). त्याहून दक्षिणेला मिंटन बॅच आहे. ती स्टेशनापासून बरीच लांब नेते. पश्चिमेचा उतार उभा आहे आणि त्याच्या पायथ्याला रॅटलिंगहोप, ॲस्टरटन अशी विखुरलेली वस्ती आहे, रेल्वे नाही. तिकडे उतरलात तर डोंगर पुन्हा चढा किंवा टॅक्सी शोधत बसा.

वेळ काढण्यासाठी नेस्मिथचा जुना हिशोब पुरतो: ५ किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटरची वाट आणि ४०० मीटर चढ असेल तर सुमारे २ तास २५ मिनिटं अधिक ४० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. यात फोटो, डबा, लेकरांची लघवी काहीच धरलेलं नाही. कुटुंबासोबत असाल तर दीडपट धरा. उतार आहे म्हणून वेळ कमी करू नका. ॲशेस हॉलोसारख्या दगडी दरीत उतरायला सपाटीपेक्षा जास्तच वेळ जातो.

तपासा: परतीच्या दोन गाड्या लिहून घेतल्या का? एक ठरवलेली, एक त्यानंतरची. श्रूजबरी-हेरिफर्ड मार्गावर गाड्या शहरातल्यासारख्या दर दहा मिनिटांनी नसतात, रविवारी तर आणखी विरळ.

## २. हवा आणि उजेड

गावाचा अंदाज पाहून निघणं ही नेहमीची चूक. गावापेक्षा पोल बँक सव्वातीनशे मीटर उंच, म्हणजे तापमान साधारण दोन अंशांनी कमी. तेवढं सोसवेल. खरा त्रास वाऱ्याचा. माथ्यावर झाड नाही, नुसती हेदरची बुटकी झुडपं आणि गवत. ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला शून्याखाली असल्यासारखं वाटतं. म्हणून अंदाजात तापमानाआधी तीन गोष्टी पाहा: झोताच्या वाऱ्याचा वेग, ढगांची उंची आणि पावसाची वेळ. ढग ५०० मीटरच्या खाली येणार असतील तर पोल बँक धुक्यात आहे असंच समजा.

उजेडाचं गणित आपल्या सवयीच्या बाहेरचं आहे. जूनअखेर सूर्य साडेनऊनंतर मावळतो, डिसेंबरात चार वाजायच्या आतच. शिवाय लाँग मिंड गावाच्या पश्चिमेला असल्याने पूर्वेकडच्या दऱ्यांमध्ये सूर्य त्याहून बराच आधी डोंगराआड जातो. नोव्हेंबर ते जानेवारीत दुपारी दोनपर्यंत माथा सोडलेला असावा.

सावध: घड्याळ मार्चअखेरीस तासभर पुढे जातं, ऑक्टोबरअखेरीस मागे येतं. बदलानंतरच्या पहिल्या रविवारी मागच्या आठवड्याच्या अंदाजाने निघालेले लोक अंधारात सापडतात.

## ३. सॅकमध्ये काय, आणि काय नको

सुती टी-शर्ट आणि जीन्स नको. सह्याद्रीत घामाने भिजलेला सुती कपडा गारवा देतो, इथे तोच ऊब काढून घेतो. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, त्यावर जलरोधक जॅकेट. जॅकेटची शिवण आतून टेप लावून बंद केलेली आहे का ते पाहा. नुसतं वाऱ्याचं जॅकेट तासाभराच्या पावसात पाझरतं.

बाकीची यादी:

- जलरोधक पँट, कानटोपी, हातमोजे. मे महिन्यातही.
- होकायंत्र, नकाशा, शिट्टी.
- कपाळावरची विजेरी, नव्या सेलसह. उन्हाळ्यात नको वाटली तरी.
- माणशी एक ते दीड लिटर पाणी. ओढ्याचं पाणी नितळ दिसतं, पण वर सगळीकडे मेंढरं चरतात, ते पिऊ नका.
- खाणं: खजूर, शेंगदाण्याचे लाडू, गूळपोळी. चिक्की थंडीत दगडासारखी होते, आणायचीच तर बारीक तुकडे करून.
- लहान प्रथमोपचार पिशवी आणि बारीक टोकाचा चिमटा. चिमट्याचं काम शेवटी.

बुटांचा तळ खोल दातांचा हवा. रस्त्यावर धावायचे गुळगुळीत बूट गावातल्या फरशीवर ठीक. ओल्या गवताच्या उतारावर तेच बूट सगळ्यात आधी सुटतात.

## ४. पहिली वाट: कार्डिंग मिल, पोल बँक, ॲशेस हॉलो

साधारण १२ किलोमीटर, ३५० ते ४०० मीटर चढ. पहिल्यांदा येणाऱ्या चालणाऱ्यांनी हीच करावी, आणि याच दिशेने: चढाला रुंद वाट, उतरायला ओढ्याची दरी.

1. स्टेशनातून सँडफर्ड ॲव्हेन्यूवर या आणि लाँग मिंडकडे तोंड करून गावात शिरा. पाणी आणि खाण्याची खरेदी इथेच उरका, माथ्यावर काही मिळत नाही.
2. श्रूजबरी रोडने थोडं उत्तरेला जाऊन कार्डिंग मिल व्हॅलीच्या पाटीपाशी डावीकडे वळा. दरीतल्या रस्त्याने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या चहाघरापर्यंत जा. गाडीने येणारेही इथे गाडी लावतात. सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरते, आणि ट्रस्टचे सदस्य नसाल तर पार्किंगचे पैसे पडतात. स्वच्छतागृह इथे आहे, पुढे थेट लिटल स्ट्रेटनपर्यंत काही नाही.
3. वरचं पार्किंग संपल्यावर वाट दरीत शिरते आणि पुढे दरीलाच दोन फाटे फुटतात. डावा लाइटस्पाउटच्या धबधब्याकडे, उजवा मॉट्स रोडकडे. इथे गर्दीमागे जाऊ नका, गर्दी बहुतेक धबधब्याला चाललेली असते. धबधब्याशेजारूनही वर चढता येतं, पण ती वाट अरुंद, पायऱ्यापायऱ्यांची आणि ओली आहे. पहिल्या खेपेला उजवा फाटा.
4. मॉट्स रोड रुंद आणि दगडी आहे. सुरुवातीलाच दम लागेल असं चालू नका. बोलता येईल एवढाच वेग ठेवा.
5. चढ संपला की पठारावरचा आडवा मार्ग लागतो, पोर्ट वे. इथे डावीकडे, नैऋत्येला वळायचं. उजवीकडची वाटही तेवढीच रुंद आणि मोहक आहे, ती स्टेशनापासून लांब उत्तरेला नेते.
6. शूटिंग बॉक्सच्या पार्किंगजवळ डांबरी रस्ता ओलांडा आणि समोरची वाट धरून पोल बँकचा खांब गाठा. खांबाशेजारी दिशा दाखवणारी धातूची तबकडी आहे. हवा स्वच्छ असेल तर समोरच्या रांगा तिच्यावरून ओळखता येतात. नकाशाच्या चौकोनांवरून जागा सांगणारा ग्रिड संदर्भ एसओ ४१५ ९४४.

तपासा, खांबापाशी उभं राहून: किती वाजले? ठरवलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशीर झाला असेल तर ॲशेस हॉलो सोडा. आल्या वाटेने परत जा, किंवा बर्वे नावाच्या डांबरी रस्त्याने थेट गावात उतरा.

7. पोल बँकवरून साधारण पूर्वेला उतरत बॉइलिंग वेलपाशी रस्ता गाठा. नाव उकळत्या झऱ्याचं असलं तरी पाणी थंडच आहे. ॲशेस हॉलोचा माथा इथे सुरू होतो.
8. दरीत शिरल्यावर ओढा हाच वाटाड्या. वाट त्याला पुन्हापुन्हा ओलांडते. मधल्या भागात दोन्ही बाजू जवळ येतात आणि दगडांवरून हात टेकत उतरायला लागतं. कुठे घाई करायची नाही ती इथे. मेंढरांनी पाडलेल्या ढोरवाटा बाजूच्या उतारावर वर जाताना दिसतात. त्या सपाट आणि सोप्या वाटतात, पण पुढे नेच्यांच्या रानात विरून जातात. पाण्याजवळच राहा.
9. दरी तंबूंच्या मैदानाशी संपते आणि तुम्ही लिटल स्ट्रेटनमध्ये येता. तिथून लडलो रोडने उत्तरेला, चर्च स्ट्रेटन साधारण दोन किलोमीटर.

सावध: दोन दिवस सलग पाऊस झाला असेल तर ॲशेस हॉलोमधून उतरू नका. ओढा गुडघ्यापर्यंतच असतो, पण वाट बारा ठिकाणी भिजलेल्या गोट्यांवरून जाते, आणि मुरगळलेल्या घोट्याने दोन-तीन किलोमीटर लंगडत यायचं म्हणजे संध्याकाळ. अशा दिवशी मॉट्स रोडनेच खाली.

## ५. पठारावर धुकं उतरलं तर

लोक सर्वांत जास्त इथे चुकतात, म्हणून हा भाग नीट वाचा. पठार जवळजवळ सपाट आहे. हेदरमधल्या वाटा एकसारख्या दिसतात, आणि पश्चिमेचा कडा व पूर्वेच्या दऱ्या माथ्यावरून सारख्याच भासतात. धुक्यात माणूस सरळ चालतोय असं समजत वळत जातो.

पहिलं काम: थांबा. धुकं दाट व्हायच्या आत, शेवटची ओळखीची जागा अजून आठवत असताना. ‘थोडं पुढे जाऊन पाहू’ हा विचार येतो तिथेच चूक पक्की होते.

दुसरं: कुठे आहोत ते नकाशावर ठेवा. फोनवर ग्रिड संदर्भ मिळतो. ऑर्डनन्स सर्व्हेचं ओएस लोकेट हे मोफत ॲप तेवढंच काम करतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही. घरून निघण्यापूर्वी टाकून ठेवा.

तिसरं: दिशा काढा. होकायंत्राची कड तुमची जागा आणि ठरवलेली जागा जोडेल अशी नकाशावर ठेवा. मधली फिरती चकती वळवून तिच्या रेषा नकाशाच्या उभ्या निळ्या रेषांना समांतर करा. चकतीवरचा उत्तरेचा बाण नकाशाच्या वरच्या बाजूलाच हवा, नाहीतर तुम्ही बरोबर उलट दिशेला चालाल. आता होकायंत्र छातीपाशी धरून, लाल सुई त्या बाणात बसेपर्यंत अख्खे तुम्ही वळा. पुढचा बाण दाखवेल ती दिशा. चुंबकीय फरक या भागात सध्या एक अंशाच्या आसपास आहे, पायी चालताना सोडून द्यायला हरकत नाही.

चौथं: पावलं मोजा. पोल बँक ते बॉइलिंग वेल हे अंतर किलोमीटरपेक्षा कमी आहे. १०० मीटरला आपली किती पावलं पडतात ते घराजवळच्या मैदानावर आधीच मोजून ठेवलं असेल तर कळतं, की ‘आता रस्ता लागायला हवा होता’. न मोजणाऱ्याला पाच मिनिटं आणि पंधरा मिनिटं सारखीच वाटतात.

पाचवं: डांबर गाठलं की ते सोडू नका. बर्वेचा रस्ता धुक्यातली सगळ्यात खात्रीची सुटका. त्यावरून चार-एक किलोमीटरवर चर्च स्ट्रेटन. रस्ता एका गाडीपुरताच रुंद आहे, खालच्या भागात एका बाजूला थेट दरी आणि कठडा नाही. उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल. विजेरी लावा.

तपासा, कुठल्याही दरीत शिरल्यावर पाच मिनिटांनी: होकायंत्रात उतार पूर्वेला किंवा आग्नेयेला जातोय का? हो, तर तुम्ही गावाच्या बाजूला आहात. दक्षिणेला जात असेल तर बहुधा मिंटन बॅच. पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर लगेच मागे फिरा. पाच मिनिटांचा चढ परवडतो, तासाभराचा नाही. पाणी वाहतंय म्हणजे गावाकडेच, हा भरवसा इथे चालत नाही. पठाराच्या चारही बाजूंनी ओढे निघतात.

पठाराच्या दक्षिण अंगाला ॲस्टरटनच्या वर ग्लायडर उडवण्याचं मैदान आहे. ग्लायडर तारेने ओढून वर सोडतात आणि ती तार वेगाने जमिनीवर येते. तिथल्या पाट्या पाळा आणि मैदान मधून ओलांडू नका.

## ६. दुसरी वाट: केअर कॅराडॉक

आठ ते नऊ किलोमीटर, ३०० मीटरच्या आसपास चढ. अंतर कमी, पण चढ बोचरा. लाँग मिंड धुक्यात असताना कॅराडॉक कधीकधी मोकळा असतो, म्हणून हा पर्याय डोक्यात असू द्या.

1. सँडफर्ड ॲव्हेन्यूने यावेळी पूर्वेला जा आणि ए-४९ सिग्नलवर ओलांडा. हा महामार्ग आहे, दुसरीकडून धावत ओलांडायचा नाही.
2. वॉटलिंग स्ट्रीट नॉर्थवरून कूम्स लेनला लागा. हेल्मेथच्या रानाच्या कडेने वाट शेतांमधून डोंगराच्या पायथ्याशी जाते. इथे फाटकं आणि लाकडी पायऱ्या येतात.
3. पायथ्यापासून सोंडेवर चढा. थ्री फिंगर्स रॉकच्या बाजूने वाट थेट माथ्याकडे जाते. किलोमीटरभरात सुमारे २०० मीटर चढ आहे, वळणं जवळजवळ नाहीत. पावलं आखूड, टाच टेकवून. वाऱ्याच्या दिवशी सोंडेवर चढण्यापूर्वीच जॅकेट घाला, वर गेल्यावर पिशवी उघडायला हात वळत नाहीत.
4. माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याची तटबंदी आहे. ती संरक्षित आहे. तटाच्या मातीवरून उड्या मारत धावू नका, मळलेल्या वाटेने आत-बाहेर करा.
5. उतरताना आल्या सोंडेने परत फिरू नका. दगड ज्वालामुखीचा आहे, पायांनी गुळगुळीत झालेला, त्यावर बारीक घसारा. चढताना तो जाणवत नाही, उतरताना प्रत्येक पावलाला जाणवतो. त्याऐवजी ईशान्येला लिटल कॅराडॉककडे उतरा, मधल्या खिंडीतून उजवीकडे दरीत या आणि कूम्सच्या वाटेने नैऋत्येला वळा. ही वाट तुम्हाला पुन्हा कूम्स लेनला आणून सोडते. अंतर थोडं वाढतं, गुडघे वाचतात.

सावध: माथ्यावरून पश्चिमेला ए-४९ अगदी पायाखाली दिसतो. ‘इथून सरळ खाली’ असा मोह होतो. तो उतार फार उभा आहे, तिकडे जाऊ नका.

## ७. तिसरी वाट: रॅग्लेथ

वेळ कमी असेल तर ३९८ मीटरची रॅग्लेथ हिल. दोन-अडीच तासांत स्टेशन ते स्टेशन होते. रॅग्लेथच्या रानातून चढा, धारेवरून नैऋत्येला जा आणि लिटल स्ट्रेटनच्या बाजूला उतरा. धार मोकळी आहे, वाट चुकायला जागा नाही. काळजी शेवटच्या भागात: डोंगर आणि लिटल स्ट्रेटन यांच्यामध्ये ए-४९ आणि रेल्वे, दोन्ही येतात. नकाशावर दाखवलेल्या ठिकाणीच ओलांडा. कानातले इअरफोन आधी काढा.

## ८. धावणाऱ्यांसाठी बदल

आधी प्रत्येक वाट एकदा चालून घ्या. हे टाळणारे नेमके मॉट्स रोडच्या माथ्यावर उजवीकडे वळतात, कारण धापा टाकताना नकाशा कोणी काढत नाही.

अंतर पुन्हा मोजा. एक मीटर चढ म्हणजे साधारण आठ मीटर सपाट धाव. बारा किलोमीटर आणि ४०० मीटर चढ म्हणजे पायांसाठी पंधरा किलोमीटरच्या वर. शहरातल्या बागेत आरामात दहा किलोमीटर धावणाऱ्याने पहिली धाव कॅराडॉकच्या फेरीवर थांबवावी.

पहिली वाट उलटी करा. चालणाऱ्यांना मॉट्स रोड चढ आणि ॲशेस हॉलो उतार सोयीचा. धावताना ते उलट. ॲशेस हॉलोचे दगड चढताना धोक्याचे नाहीत, कारण वेगच नसतो. उतरताना त्याच दगडांत पाय अडकतो. लिटल स्ट्रेटनहून ॲशेस हॉलोने वर, पोल बँक, आणि रुंद मॉट्स रोडने खाली. मात्र सुट्टीच्या दुपारी मॉट्स रोडवर लहान मुलं आणि कुत्री असतात, तिथे वेग आवरा.

चढ चाला. उभ्या चढावर धावणं आणि झपझप चालणं यांत वेगाचा फरक थोडा, दमण्यात मात्र फार मोठा. हात मांडीवर रेटून चाला, माथ्यावर पोचताना पाय शिल्लक असले पाहिजेत.

उतार शिका. मागे रेलून टाचेने ब्रेक लावणं ही बहुतेकांची चूक, त्यात टाच सुटते आणि माणूस पाठीवर आपटतो. अंग किंचित पुढे, पावलं आखूड आणि भराभर, नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे, हात बाजूला सैल. पहिल्या मोठ्या उतारानंतर मांड्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात. तिसऱ्या दिवशीही दुखत असतील तर पुढचा डोंगर आठवडाभर लांबवा.

खाणं. दीड तासापेक्षा जास्त धाव असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासूनच. भूक लागल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो.

धावतोय म्हणून सॅकमधलं जॅकेट, टोपी, शिट्टी आणि नकाशा वगळू नका. धावणारा पातळ कपड्यांत आणि घामाने भिजलेला असतो. घोटा मुरगळून थांबला की चालणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो.

## ९. फाटकं, मेंढरं, कुत्री

फाटक जसं सापडलं तसं सोडा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. घोळक्यात शेवटच्या माणसावर ही जबाबदारी नाव घेऊन सोपवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं मागचा लावेल.

पाट्यांवरचा पिवळा बाण पायवाट, निळा बाण घोडे-सायकलींनाही मोकळी वाट. दगडावर रंगवलेले बाण इथे शोधू नका आणि स्वतःही काही रंगवू नका.

कुत्रा असेल तर मोकळ्या प्रवेशाच्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात दोन मीटरपर्यंतच्या दोरीने बांधलेला ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. मेंढरांजवळ तर वर्षभर. गाई पिल्लांसोबत असतील तर लांबून वळसा घाला. त्या कुत्र्यामागे लागल्या तर दोरी सोडून द्या. कुत्रा निसटतो, अडकतो तो माणूस.

जुलै-ऑगस्टमध्ये नेचे छातीपर्यंत वाढतात आणि अरुंद वाटा झाकून टाकतात. त्या दिवसांत मुख्य वाटांवरच राहा, आणि पूर्ण पँट घाला.

## १०. कोणी जखमी झालं तर

1. आधी त्याला वाऱ्याआड करा. अंगाखाली सॅक किंवा जॅकेट, अंगावर सगळ्यांकडचे जादा कपडे. जमीन वाऱ्याइतकीच गारठवते.
2. ९९९ किंवा ११२ ला फोन करा. आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. रुग्णवाहिका मागितलीत तर माहिती फिरून यायला वेळ जातो.
3. ग्रिड संदर्भ, दरीचं नाव, किती माणसं, काय लागलंय, एवढं सांगा. नुसतं ‘लाँग मिंडवर’ पुरत नाही.
4. आवाज पोचत नसेल तर एसएमएस. त्यासाठी ब्रिटिश सिमवरून ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ ला पाठवून आधीच नोंदणी केलेली हवी. आज रात्रीच करून टाका.
5. शिट्टी: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी बंद करू नका, आवाजावरूनच ते पोचतात.

फोन झाल्यावर जागा बदलू नका. बॅटरी वाचवा, फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा.

## ११. घरी पोचल्यावर

नेचे आणि लांब गवतातून आलात तर गोचिडी तपासा, त्याच दिवशी. गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ, सावकाश वर ओढा. तेल, काडी, सिगारेटचा चटका काही नको, आणि अंगठ्याने चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. त्या जागी पसरत जाणारा चट्टा उठला तर तो बहुधा पहिल्या चार आठवड्यांत दिसतो, पण तीन महिन्यांपर्यंतही येऊ शकतो. दिसल्यास जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि ती तारीख सांगा. गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजारावर औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.